कॅसेट घे, पण परत दे!

मुलांनो, मी लहान असताना परभणीत आमच्या गल्लीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तीनच घरांत होता. कॅसेट मात्र गल्लीभर फिरायची. ‘कॅसेट घे, पण रविवारी परत दे हं!’ एवढाच आमचा करार.

म्हणून जून २०१३ मधली एक बातमी वाचून मी चमकलो. अमेरिकेत लॉस एंजलिसला ‘ई-थ्री’ हे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन भरायचं. त्याच्या तोंडावर मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की नव्या ‘एक्सबॉक्स वन’ला २४ तासांत एकदा तरी इंटरनेट लागेल आणि गेमची तबकडी मित्राला देण्यावरही बंधनं येतील. इंटरनेट नसेल त्यांनी जुनं ‘एक्सबॉक्स ३६०’ घ्यावं, असं एका अधिकाऱ्याने सुचवलं. आता बोला! आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये पंखासुद्धा फिरत नव्हता!

जगभरचे खेळगडी चिडले. सोनी कंपनीने प्रदर्शनात सांगितलं, ‘प्लेस्टेशन ४’ला असली अट नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला! मग सोनीने मित्राला गेम कसा द्यावा, याची छोटीशी चित्रफीत काढली. एकाने दुसऱ्याच्या हातात डबी ठेवली. झालं!

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या.

तेव्हा दोस्तांनो, नुसतं रुसून बसू नका. काय चुकतंय ते नेमकं सांगा.

आणि हो, माझी एक कॅसेट अजून मित्राकडेच आहे, बरं का!