मामांच्या गाडीला ठसका लागतो

जुनी गाडी बाळगावी की नाही, याबद्दल आमच्या वलगावात दोन मते नाहीत. बाळगू नये, असेच सर्वांचे मत आहे. फक्त आमच्या मामांना ते मान्य नाही, आणि गाडी मामांकडे आहे.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. ही मद्रासला 1961 पासून बनू लागली. इंजिन 948 सीसीचे. म्हणजे आजकालची पोरे ज्या मोटारसायकली उडवतात त्यांतल्या काहींचे इंजिन याहून मोठे असते. मूळची ती इंग्लंडातल्या ट्रायम्फची, 1959 सालची. तिचा चेहरामोहरा मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कारागिराने काढला. याच गृहस्थाने हेराल्डच्याच सांगाड्याला काटछाट करून 1962 साली एक दोन माणसांची स्पोर्ट्सकार उभी केली. तिचे नाव स्पिटफायर. तेव्हापासून (म्हणजे 1962 पासून नव्हे, ही माहिती मोबाइलवर वाचल्यापासून) मामांचा पुण्याचा नातू आमच्या हेराल्डला 'स्पोर्ट्सकारची सख्खी बहीण' म्हणतो. मामांचे म्हणणे, "बहीण पळपुटी निघाली म्हणून हिनंही पळावं असं थोडंच आहे?"

आणि ती पळत नसेच. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. दरवर्षी उन्हाळ्यात ते मामींना घेऊन या गाडीने चिखलदऱ्याला जात. परतवाड्यापर्यंत ठीक, घाट लागला की गाडी उकळायची. हेराल्डचे बोनेट साध्या गाड्यांसारखे उघडत नाही. मडगार्ड, दिवे, सगळे तोंडच्या तोंड पुढे कलंडते आणि इंजिनासकट दोन्ही चाके उघडी पडतात. मिस्त्रीला चाकावर बसून काम करता येते. मामी त्याच चाकावर बसून संत्री सोलायच्या. पाणी निवेपर्यंत चार संत्री होत. मामींनी गाडीला कधी नावे ठेवली नाहीत. मामांना ठेवली असतील, पण ती गाडी गरम असताना.

मामींना जाऊन तीन वर्षे झाली. मामांची नजर अधू झाली. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली. पंधरा वर्षांवरच्या गाडीचे रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावे लागते, त्याला ग्रीन टॅक्स लागतो, आणि चालवणारा कोणी नाही. तेव्हा ती विकावी, असा निर्णय पुण्यात झाला. मामांना तो कळवण्यात आला. मामा 'हूं' म्हणाले. आमच्या घराण्यात 'हूं'चे निदान पाच अर्थ आहेत, पण पुण्याच्या लोकांना त्यातला एकच ठाऊक असतो.

नागपूरचे गिऱ्हाईक रविवारी येणार होते. नातू गुरुवारीच आला आणि त्याने गाडी 'रेडी' करायला घेतली. चारही प्लग काढले, पुसले, परत लावले. वायरी मात्र त्याने हजेरीपटाप्रमाणे लावल्या : एक, दोन, तीन, चार. मग स्टार्टर मारला.

असा आवाज वलगावने पूर्वी ऐकला नव्हता. शेजारच्या काकू सिलेंडर फुटला म्हणून कणकेच्या हातांनी रस्त्यावर आल्या. बोनेट उघडे होते. इंजिनावरच्या एअर फिल्टरच्या पत्र्याच्या डब्याची शिवण उकलली होती, झाकण वाकून बशीसारखे झाले होते, आणि आतला फिल्टरचा कागद जळत अंगणभर उडत होता. पेढीच्या काठी, आमच्या गावाजवळच गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला; तेव्हा वलगावात झाडूला मान आहे. पण त्या दिवशी मी जे झाडले ते बाबांनीही कधी झाडले नसेल.

ओसरीवरून मामांनी विचारले, "तोंडातून की मागून?"

मी म्हटले, "मामा, दोन्हीकडून."

"मग वायरी चुकल्या. मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री आला. तो आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण हेराल्डवर त्याच्या वडिलांचा हात फिरलेला आहे. त्याने वायरींकडे नुसते पाहिले. "बाप्पा! एक, तीन, चार, दोन असते जी हे. तुमी तं शाळा भरवली." मग माझ्या हाती टॉर्च देऊन त्याने समजावले. एक नंबर बरोबर चालला होता. तीन आणि चार नंबरला ठिणगी उशिरा पोचली. त्यांचे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फुटले. खरा घोळ दोन नंबरचा. त्याला ठिणगी मिळाली ती नेमकी हवा आत घ्यायची झडप उघडत असताना. "घास तोंडात हाये मास्तर, अन् त्याले बोलाले लावलं. ठसका लागन का नाई?" जाळ झडपेतून उलटा कार्बोरेटरमध्ये आणि तिथून डब्यात.

नातू मोबाइलवर वाचत होता. म्हणाला, "काका, पोर्शेचंसुद्धा हेच होतं!" सत्तरच्या दशकातल्या पोर्शे 911 ला इंजिनावर प्लॅस्टिकचा हवेचा डबा असे. गार इंजिन चालू करताना त्याच डब्यात जादा पेट्रोलचा फवारा उडे, आणि एक ठसका लागला की डबा तडकलाच. मग लोकांनी त्या डब्याला भोक पाडून स्प्रिंगचे झाकण बसवायला सुरुवात केली. दाब वाढला की ते उघडते, डबा वाचतो.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "म्हंजे कुकराचा व्हॉल्व. एवढ्या पैशाच्या गाडीले कुकराएवढी अक्कल नव्हती?" जर्मन इंजिनिअरिंगचा असा निकाल मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही.

दुरुस्ती दोन दिवस चालली. डबा गाडीपासून लांब नेऊन लाकडी ठोकळ्यावर मोगरीने ठोकून सरळ केला. उकललेली शिवण झाळून घेतली. फिल्टरचा कागद दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आणून कापून बसवला. मला वाटले, संपले. पण मिस्त्री म्हणाला, डबा नुसता दिसतो. खरे नुकसान खाली असते. त्याने कार्बोरेटर उतरवला. त्याच्या बुडाचे पॅकिंग एका कोपऱ्यात फाटले होते. तेवढ्या फटीतून चोरटी हवा शिरते, पेट्रोल कमी पडते, जाळ रेंगाळतो आणि पुन्हा ठसका. म्हणजे एक ठसका पुढच्या ठसक्याची सोय करून जातो. मिस्त्रीने जाड पॅकिंग-पेपर थेट त्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करीत गेला. कडेचा ठसा कागदावर उठत गेला. मग कात्रीने कापून घेतले. शेवटी इंजिन चालू करून जोडावर साबणाचे पाणी सोडले. आवाज तसूभर बदलला नाही. मिस्त्रीने माझ्याकडे असे पाहिले, की टॉर्च धरणाऱ्यालाही थोडे श्रेय घ्यावेसे वाटले.

मामा ओसरीवर काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. दोन दिवस त्यांचे एकच चालले होते. इंजिन बंद झाले की म्हणत, "पुन्हा लाव."

रविवारी गिऱ्हाईक आले. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. गाडी पहिल्याच स्टार्टरला लागली आणि माशी गुणगुणावी तशी चालत राहिली. नातवाचा चेहरा फुलला. गिऱ्हाईकाने सहज विचारले, "आजोबा, काही त्रास वगैरे?"

"तसा काही नाही," मामा म्हणाले. "रोज सकाळी एकदा तोंडातून आग काढते, तेवढंच. मास्तर, तो डबा दाखव यांना."

मी झाळलेली शिवण दाखवली. काय करणार! गिऱ्हाईकाने नातवाकडे पाहिले, नातवाने मिस्त्रीकडे. सगळा भार मिस्त्रीवर आला. तो हात पुसत बराच वेळ उभा राहिला. चालत्या इंजिनाकडे एकदा पाहिले, मामांकडे एकदा.

"हाव जी," तो म्हणाला. "मारते. काई भरोसा नाई."

गिऱ्हाईक 'कळवतो' म्हणून गेले. नातू तणतणत आत गेला. मामांनी खिशातून पैसे काढले, बोटांनी चाचपून मोजले आणि बिलावर शंभर जादा दिले. मिस्त्रीने ते ठेवून घेतले, पण त्याचा राग काही गेला नाही.

"एवढं झ्याक काम केलं, साहेब," तो म्हणाला, "अन् माह्याच तोंडानं सांगा लागलं का मारते म्हून!"