आठ मिनिटांचा फॉरवर्ड

मागच्या महिन्यात सलग चार रात्री बी-विंगच्या मागून 'टक्... टक्...' असा आवाज येत होता. त्यावर हॉस्टेलात बरंच संशोधन झालं. कुणी म्हणालं एमआयडीसीतल्या कुठल्या तरी कंपनीचा पंप असेल, कुणी म्हणालं पाइपलाइनमधला वॉटर हॅमर (हा अर्थातच सिव्हिलवाला), आणि फर्स्ट इयरच्या दोघांनी तर भुताच्या भीतीने रूम बदलून मागितली. तर मित्रांनो, आता सांगून टाकतो. तो माझा धाकटा भाऊ होता. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर हॉकीचा बॉल मारत होता. गेस्टला दोन रात्रींची परवानगी असते, तो चार राहिला, त्याबद्दल रेक्टर सरांची इथेच जाहीर माफी मागतो.

तो इथे का आला होता, आणि त्या चार दिवसांत मी सबमिशन सोडून काय करत होतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही मूळचे खडकीचे, म्हणजे पुण्याच्या खडकीचे. बाबा फॅक्टरीत आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. खडकीत जन्मलेल्या मुलाला हॉकी ही शिकावी लागत नाही, ती गल्लीतच असते. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप आणि चार एशियन गेम्स खेळलेला माणूस. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही पोराने स्टिक हातात घेतली की शेजारचे काका लगेच मोजमाप सुरू करतात, "ह्यात धनराजची काही चुणूक दिसते का?" दिसत नाहीच. मग काका पेपर वाचायला लागतात.

मीही दहावीपर्यंत फॉरवर्ड खेळायचो. पूर्ण सीझनमध्ये दोन गोल झाले, तेव्हा मला टीमबाहेर बसवलं आणि मी सायन्सला गेलो. धाकटा मात्र खेळत राहिला. आता तो बारावीत आहे. मुंबईतल्या एका संस्थेच्या ज्युनिअर संघाने त्याला विचारलं आहे : दोन वर्षं स्टायपेंड, राहायची सोय, पुढे नोकरीचं "बघू". अट एकच, उन्हाळ्यातल्या कॅम्पला पूर्ण वेळ हजर राहायचं. म्हणजे सीईटी गेली. बाबांचा मला फोन आला. त्यांचं बोलणं नेहमी दोन वाक्यांचं असतं.

"तू इंजिनिअर होतोयस ना? मग आकडे काढ आणि सांग, ह्या पोरात काही आहे का."

आकडे काढायला सोपे होते. धाकट्याचे ह्या सीझनचे गोल : एक. तोही रिबाउंडवर. दोन वर्षांपूर्वी बाबांनी हेच विचारलं होतं, तेव्हा मी इथूनच, मेसच्या लाइनीत उभा राहून, "काही नाही हो बाबा त्यात, त्याला क्लास लावा" असं सांगून टाकलं होतं. एकही सामना न बघता! ह्या वेळी मात्र त्याचे तीन सराव सामने चर्चगेटच्या मुंबई हॉकी असोसिएशनच्या मैदानावर होते आणि तो माझ्याच रूमवर उतरणार होता. म्हटलं, एकदा नीट बघू तरी.

इथे थोडं थिअरी. ओरलला विचारणार नाही, घाबरू नका.

हॉकीत अकरा जण मैदानात असतात, पण खेळ अकरा जणांचा राहिलेला नाही. १९९०च्या दशकात दोन नियम बदलले. एक, खेळाडू कितीही वेळा बदला, गेलेला परत येऊ शकतो. दुसरा, ऑफसाइड गेलं. त्यात पुढे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. परिणाम असा की आजचा फॉरवर्ड साठ मिनिटं खेळतच नाही. तो काही मिनिटं जीव तोडून धावतो, बाहेर येतो, पाणी पितो, परत आत जातो. आपल्या लेथवर टूल तापलं की बदलतो ना, तसंच. त्यामुळे पहिले तीन फॉरवर्ड जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांच्या जागी येणारेही. वेग कमी झाला तर समोरचा बचाव आरामात बॉल बाहेर काढतो.

आणि अशा राखीव फॉरवर्डचं पहिलं काम गोल करणं नसतंच. त्याचं काम असतं समोरच्याला बॉल सुखाने बाहेर काढू न देणं, म्हणजे फॉरवर्ड हाच पहिला बचावपटू. दुसरं काम, बॉल नसताना अशी धाव घ्यायची की एक डिफेंडर आपल्यामागे ओढला जाईल आणि दुसऱ्याला जागा मिळेल. तिसरं, डीमध्ये काही जमलं नाही तर निदान डिफेंडरच्या पायावर बॉल लावून पेनल्टी कॉर्नर मिळवायचा. ह्यातलं काहीच स्कोअरबोर्डवर लिहीत नाहीत. खडकीच्या काकांनाही दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसलं नव्हतं.

मला ते पहिल्यांदा जाणवलं १२ डिसेंबर २०२३ला. मी सेकंड इयरला होतो, परीक्षा चालू होती. ज्युनिअर वर्ल्ड कप क्वालालंपूरला, क्वार्टर फायनल, भारत विरुद्ध नेदरलँड्स. हाफटाइमला ०-२. कॉमन रूममध्ये चार जण होतो, त्यातले दोघे उठून अभ्यासाला गेले. ३४व्या मिनिटाला भारताचा पहिला गोल झाला आणि नाव आलं आदित्य लालगे. आम्ही दोघेही एकमेकांकडे बघायला लागलो. लालगे? आपला? हो, महाराष्ट्राचाच! तोपर्यंत त्या संघातला अराईजीत हुंदल आम्हाला माहीत होता, कारण त्याने पहिल्याच सामन्यात कोरियाला तीन गोल मारले होते. कॅप्टन उत्तम सिंगही माहीत होता. लालगेचं नाव मात्र कुणी ऐकलं नव्हतं. पुढे हुंदलने बरोबरी केली, डच परत पुढे गेले, सौरभ कुशवाहाने ३-३ केले आणि ५७व्या मिनिटाला उत्तमने चौथा मारला. ४-३! लोकांना तो चौथा गोल आठवतो. पण दोन गोलांनी मागे असताना पहिली फट पाडणारा वेगळाच होता. त्यानंतर भारत सेमीफायनलला जर्मनीकडून आणि ब्राँझसाठी स्पेनकडून हरला, चौथा आला. २०२५च्या युरोप दौऱ्यावर गेलेल्या भारत 'अ' संघात हा लालगे होता. म्हणजे तेव्हा दार किलकिलं होतं, पण सताड उघडलेलं नव्हतं. बहुतेक फॉरवर्ड असेच दारात उभे असतात.

तर मी वही केली. सर्व्हेइंगच्या फील्डबुकसारखी. रकाने : आत किती वेळ, किती वेळा बॉल मिळाला, किती वेळा घालवला, समोरच्यांच्या अर्ध्यात किती वेळा हिसकावला, डीत किती वेळा शिरला. आणि शेवटी एक रकाना मी स्वतःच्या डोक्याने घातला : बॉल गेल्यावर मागे धावला की कमरेवर हात ठेवून उभा राहिला?

सकाळी पेंढरहून मेट्रो, बेलापूरला हार्बर, सीएसएमटीला उतरून चालत चर्चगेट. (आमच्या सीनियर्सना मेट्रो नव्हती, ती नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झाली. ते रिक्षाच्या शेअरसाठी किती भांडायचे ते त्यांना विचारा.) धाकटा ट्रेनमध्ये स्टिक पायांत धरून झोपला होता. मैदान आलं तसा म्हणाला, "दादा, हे तू बाबांसाठी लिहितोयस ना?" मी म्हटलं, "हो." तो काही बोलला नाही.

पहिल्या सामन्यात त्याला पहिल्या हाफमध्ये आठ मिनिटं मिळाली. माझ्या वहीत गोल शून्य, शॉट शून्य. मी पेन बंद करणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की 'हिसकावला' ह्या रकान्यात चार रेघा आहेत. त्याच्या जागी आधी जो होता, देखणा खेळ, ड्रिबल एकदम मख्खन, त्याच्या नावापुढे त्या रकान्यात एकही नव्हती. धाकटा आत असताना समोरचा राइट बॅक सरळ पास देतच नव्हता. दरवेळी बॉल मागे गोलीकडे, तिथून लांब फटका, आणि तो आमच्या हाफ लाइनला. तीन सामन्यांत हे इतक्या वेळा झालं की तो योगायोग नव्हता. शेवटच्या रकान्यात तर त्याच्या नावाला एकदाही 'उभा राहिला' आलं नाही.

आता उणेही लिहितो, नाहीतर तो भाऊ म्हणून पास केला असं म्हणाल. डावीकडून आलेला बॉल त्याला रिव्हर्सवर घेता येत नाही, दहातले सहा सुटतात. डीत शिरल्यावर मान खाली जाते, मग मोकळा सहकारी दिसत नाही. आणि दुसऱ्या सामन्यात गोलीसमोर एकटा असताना त्याने बॉल सरळ पॅडवर मारला. बेंचवरून कुणीतरी ओरडलं ते इथे छापता येणार नाही.

परत येताना मी त्याला रिव्हर्सचा आकडा दाखवला. त्याच रात्री टक्-टक् सुरू झाली. एमआयडीसीचा तो संध्याकाळचा वास नाकात, वर एक ट्यूबलाइट, आणि हा भिंतीवर मारून परत आलेला बॉल उलट्या स्टिकने थांबवतोय. सिमेंटवर स्टिक घासून खराब होते, म्हणून त्याने जुनी, चिकटपट्ट्या लावलेली आणली होती. पहिली रात्र मी खिडकीतून मोजलं. नंतर झोप लागली.

पण बाबांना काय सांगायचं? तो खेळतो चांगला, एवढं पुरेसं नाही. पोट भरेल का? हॉकी इंडिया लीग २०१३मध्ये सुरू झाली, २०१७नंतर बंद पडली. तेव्हा मुंबईचा संघ होता. डिसेंबर २०२४मध्ये लीग परत आली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते, त्यात मुंबई-पुण्याचा एकही नाही. लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, पण सर्वांत खालची बेस प्राइस दोन लाख होती. एका संघात २४ जण होते, त्यात चार भारतीय ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. म्हणजे अख्ख्या देशात ज्युनिअर मुलांच्या हमखास जागा ३२ होत्या, त्यात गोली आणि बचावपटूही आले. फॉरवर्डच्या वाट्याला किती राहतात ते तुम्हीच काढा. ऑलिंपिकचं म्हणाल तर रिओला २०१६मध्ये मुंबईचा देविंदर वाल्मीकी होता. त्यानंतर टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे ब्राँझ मिळालं, पण त्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नाही.

देविंदरचा मोठा भाऊ युवराज, तो फॉरवर्ड. २०११च्या एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्याने मारली. मरीन लाइन्सजवळच्या त्यांच्या घरात तोवर वीज नव्हती, त्या विजयानंतर आली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र दरवेळी वाटतं, देशासाठी खेळेपर्यंत घरात दिवा नसावा, ह्यात कौतुक कसलं?

तिसऱ्या रात्री मी अजून एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. धनराजला मुंबईत आणणारा त्याचा मोठा भाऊ रमेश होता. तो आरसीएफकडून मुंबईच्या लीगमध्ये खेळायचा. मग महिंद्रामध्ये जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली धनराज घडला. मोठ्या भावाने धाकट्याकडे बघितलं, हे त्या गोष्टीत आहे. मी दोन वर्षांपूर्वी बघितलंच नव्हतं. आणि खोलवर बघितलं तर, मला काढलं तर ह्यालाही काढतील, असंच काहीतरी मनात होतं. ते बरं वाटत नाही लिहायला.

रविवारी बाबांना फोन केला. वही समोर होती. म्हटलं, "बाबा, तो धनराज होणार नाही. पहिल्या अकरात कदाचित कधीच नसेल. पण चांगल्या संघात अठरा असतात, त्यात तो चौथा किंवा पाचवा फॉरवर्ड होऊ शकतो. तो आत असला की समोरच्याला बॉल काढता येत नाही. रिव्हर्स सुधारला तर. दोन वर्षं द्या. बारावीची परीक्षा मात्र देऊ दे, ती कॅम्पच्या आधीच आहे. सीईटी पुढच्या वर्षीही देता येते."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली, आपल्याकडे ते नेहमीचंच.

मग बाबा म्हणाले, "पाचव्या फॉरवर्डला पगार किती असतो?"

मी स्टायपेंडचा आकडा सांगितला.

"तुझ्या हॉस्टेलच्या फीपेक्षा कमी आहे."

"हो."

परत शांतता. मागून आईचा आवाज, कुकरची शिट्टी. "ती वही घेऊन ये येताना," बाबा म्हणाले, "मला नीट वाचायची आहे," आणि फोन ठेवला.

वही घेऊन मी ह्या शनिवारी घरी जातो आहे. फक्त त्यातलं एक पान फाटलेलं आहे. धाकट्याने जाताना नेलं, रिव्हर्सवाल्या रकान्याचं. बाबा विचारतील तर सांगावं लागेल.