हिमोग्लोबिन वाढलं? अरे बापरे!

अहो, ऐकलंत का? माणसाच्या रक्तवाहिन्या पाझरतात! फुटत नाहीत, कापल्या जात नाहीत, नुसत्या पाझरतात! मी डॉक्टर नाही, कंपाउंडरसुद्धा नाही, तेव्हा मला औषध विचारू नका, पण हे कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, आणि सापडलात तुम्ही!

याला म्हणतात क्लार्कसनचा आजार! न्यूयॉर्कच्या डॉ. बेयर्ड क्लार्कसन आणि सहकाऱ्यांनी १९६० साली एका बाईची केस नोंदवली. अंग सुजायचं, रक्तदाब कोसळायचा, आणि हे पुन्हा पुन्हा! जगभरात नोंदलेले रुग्ण जेमतेम काहीशे!

आता गंमत बघा. केशवाहिनीची भिंत किती जाड? एका पेशीची! एका! आजाराचा झटका आला की त्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि मग रक्तातलं पाणी बाहेर पडतं आणि मग पाण्याला धरून ठेवणारं अल्ब्युमिनही निसटतं आणि मग आणखी पाणी त्याच्यामागे जातं, पण तांबड्या पेशी मोठ्या, त्या आतच! रक्त दाट होतं. म्हणजे रिपोर्टात हिमोग्लोबिन वाढतं! आपण पेढे वाटायचे आणि डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालेलं!

आमच्या तीर्थपुरीकडच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. कालवा पाझरला की कडेचं रान चिबडतं आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा टेलवाला आभाळाकडे बघत बसतो. पाणी शिवारातच आहे हो, पण त्याच्या उसाला नाही! तसंच पाणी अंगातच, हातपाय टम्म, आणि मूत्रपिंडं कोरडी! आणि मग काही दिवसांत फटी आपोआप मिटतात आणि झिरपलेलं सगळं पाणी माघारी येतं, आणि तोवर बाटल्यांवर बाटल्या चढवल्या असतील तर ते फुप्फुसात साठतं! आणि आपण? ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच!’

हे कशामुळे होतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. दर महिन्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं की बऱ्याच जणांचे झटके थांबतात. का थांबतात? तेही नीट ठाऊक नाही! कमाल आहे!

आणि खरा धक्का पुढेच! डेंग्यू! आपला, घरोघरचा डेंग्यू! तो बळावला की त्यातही असंच पाझरतं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, आणि कधी? ताप उतरताना! घरचे म्हणतात सुटलो एकदाचे, आणि नेमकं तेव्हाच पोटात दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत! त्या वेळी घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा! आपण मात्र ‘प्लेटलेट किती?’ म्हणत पपईचा पाला वाटतोय! डॉक्टर बघतात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते. तो नेहमीपेक्षा वीस टक्क्यांनी चढला की समजायचं, पाझर सुरू!

कपाटातला जुना रिपोर्ट काढा बरं! हिमॅटोक्रिटची, म्हणजे पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेली ओळ सापडली? एरवी तो आकडा हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट असतो. करा गुणाकार! मी घरातल्या सगळ्यांचे तपासले आणि आता शेजाऱ्यांचे मागायला निघालोय!