दडवलेला रकाना

माझ्या पिशवीत कायम दोन कागद असतात. दोन्हींवर राणी चेन्नम्मा एक्सप्रेसचं वेळापत्रक आहे, पण अर्धवट. एकावर तुमकूर, दावणगेरे आणि धारवाडच्या वेळा, दुसऱ्यावर अर्सीकेरे, हावेरी आणि हुबळीच्या. शेजारी बसलेल्या दोन मुलांना एकेक कागद द्यायचा, मध्ये दप्तर उभं करायचं आणि सांगायचं: दोघं मिळून पूर्ण वेळापत्रक तयार करा, बोलायचं मात्र इंग्रजीत. मग खाली एक प्रश्न आहे. मामा हावेरीला चढणार आहे आणि त्याला स्टेशनवर पोचायला पाऊण तास लागतो, तर त्यानं घरून किती वाजता निघावं?

बंगळूरच्या सरकारी शाळांसाठी इंग्रजीचं शैक्षणिक साहित्य बनवणं हे माझं काम. मी बेळगावची, त्यामुळे बंगळूरहून बेळगावला जाणारी ही गाडी माझ्या अंगवळणी पडलेली. आणि वर्गातल्या कितीतरी मुलांचं आजोळ याच मार्गावर असतं. स्टेशनांची नावं तोंडात बसलेली असली की मुलाचं सगळं लक्ष ‘व्हेन डज इट लीव्ह’कडे राहतं. गावंही नवी आणि प्रश्नही नवा, असं झालं की मूल गप्प होतं.

या कागदामागचा विचार माझा नाही, तो याच शहरात रुजला. इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळूरची रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश 1963 पासून शिक्षकांना घडवत आलेली. या वर्तुळात 1979 साली एक प्रयोग सुरू झाला आणि 1984 पर्यंत दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत चालला. व्याकरणाची क्रमवार यादी प्रभूंनी बाजूला ठेवली. नकाशा, वेळापत्रक, खर्चाचा हिशेब असं काहीतरी मुलांपुढे ठेवायचं. आधी सगळ्या वर्गानं मिळून एक कोडं सोडवायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकानं एकट्यानं. मूल अर्थाच्या मागे लागलं की भाषेची घडण आतल्या आत होत जाते, हा त्यांचा विश्वास. निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं, तर काम योग्य तेवढंच अवघड आहे असं ते धरत. हा अंदाज मी आजही वापरते. साधनं म्हणाल तर फळा, खडू, कागद. 1987 साली प्रभूंचं पुस्तक आलं आणि जगभरचे इंग्रजीचे शिक्षक ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून या प्रयोगाचा अभ्यास करू लागले. इथल्या किती शिक्षकांना हे ठाऊक आहे, हा विचार मला अस्वस्थ करतो.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या वाटेनं जात नाही. मुलं आपसात बोलली तर एकमेकांची चुकीची भाषा उचलतील, म्हणून प्रभू जोड्या आणि गट टाळत. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात फक्त बाईंशी बोलायचं ठरवलं, तर एका मुलाच्या वाट्याला तासाभरात एखादं वाक्य येतं. चुकीचं का होईना, दहा वाक्यं बोललेलं मूल मला हवं आहे.

काही वर्षांपूर्वी मी टॅब्लेटसाठी एक धडा केला होता. हलणारी चित्रं, बरोबर उत्तराला चांदणी, टाळ्यांचा आवाज. मुलं इतकी रमली की घंटा झालेली कळली नाही. मी मागच्या बाकावर बसून कान देऊन ऐकत होते. तासभरात एकाही मुलाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला नव्हता. चित्र ओढून जागेवर ठेवायला भाषा लागतच नव्हती. रंगावरून उत्तर कळत होतं. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. मी रमवण्याची सोय केली आणि बोलण्याची गरज काढून टाकली.

शिक्षणासाठी तंत्रज्ञान मोठ्या पातळीवरही वापरलं गेलं. बंगळूरला मुख्यालय असलेल्या इस्रोनं 20 सप्टेंबर 2004 ला एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला आणि त्यावरून चामराजनगरच्या प्राथमिक शाळांपर्यंत धडे पोचू लागले. ही फार मोठी गोष्ट होती. पण पडद्यावरच्या बाईंना समोरच्या मुलाचं उत्तर ऐकू येत नाही, आणि भाषा शिकताना कुणीतरी आपलं ऐकतंय हे लागतंच. उलट, इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला जुनाट म्हणणाऱ्यांत मी नाही. त्यात निदान प्रत्येक वाक्यापाशी थांबून डोकं चालवावं लागे.

म्हणून आता मी तंत्रज्ञानातलं थोडंच घेते. वर्गात एक मोबाइल पुरतो. वेळापत्रक पुरं झालं की एक जोडी आपलं बोलणं ध्वनिमुद्रित करते आणि सगळे ते ऐकतात. स्वतःचा आवाज ऐकताना मुलांचे चेहरे पाहावेत. एक मुलगी ‘ट्रेन इज रीचिंग हुबळी ॲट व्हॉट टाइम’ असं बोलली होती. ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, ‘मिस, इन्नोंदु सल’, म्हणजे आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला वाक्य आपोआप सरळ झालं. मी दुरुस्त केलं नव्हतं.

बाकी सगळी कारागिरी बारीकसारीक आहे. रिकाम्या जागा आधी बारा होत्या. मुलं थकत, म्हणून सहा केल्या. करड्या रेघा झेरॉक्समध्ये उडतात, म्हणून काळ्या जाड रेघा. आणि दोन्ही कागदांचा आकार हुबेहूब एकच हवा, नाहीतर दुसऱ्याकडे काय वेगळं आहे ते पाहायला मुलं दप्तराच्या भिंतीवरून डोकावतात.

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून घ्या. त्यातल्या अर्ध्या वेळा एका मुलाकडे द्या, अर्ध्या दुसऱ्याकडे, आणि दप्तर मध्ये ठेवा.