दुचाकींचे पुणे आणि आठाचा आकडा

मुंबईला जशी लोकल, तशी पुण्याला दुचाकी. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे गेल्या पन्नास-साठ वर्षांत दुचाकींचे शहर झाले. लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेकडे चालत निघालेल्या परगावच्या पाहुण्याच्या नजरेत प्रथम भरते ती दुकानांपुढे कडेला तिरप्या लावलेल्या स्कूटर-मोटारसायकलींची अखंड रांग. विजेच्या खांबांवर ‘पी-१’ आणि ‘पी-२’ अशा पाट्या दिसतात. विषम तारखेस रस्त्याच्या एका बाजूस आणि सम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहने लावावीत, हा त्यांचा अर्थ. ज्या शहरात सकाळी दुकान उघडण्यापूर्वी व्यापाऱ्याला आजची तारीख सम की विषम हे पाहावे लागते, त्या शहराच्या जीवनात दुचाकीचे स्थान काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

हे सारे घडले त्यामागे मुंबई-पुणे महामार्गावरील आकुर्डी आणि चिंचवड या दोन ठिकाणांचा मोठा वाटा आहे. आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने तेथे स्कूटर तयार होऊ लागल्या. पुढे तो करार संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. त्याच वर्षी नगरच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ आणली. या घराण्यातील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र हस्तीमल आणि नातू अरुण यांच्या हातून हे छोटे वाहन घडले. पायडल असलेली, ५० घनसेंटिमीटर इंजिनाची ही गाडी सायकलहून फार अवघड नव्हती. शिक्षिका, परिचारिका, कॉलेजात जाणाऱ्या मुली आणि गल्लोगल्ली माल पोहोचविणारे छोटे दुकानदार लूनावर बसू लागले. १९८४ मध्ये होंडाच्या सहकार्याने कायनेटिकची बिनगिअरची, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आली आणि घरातील सुनेच्या हातीही किल्ली गेली. तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालविणारी मुलगी ही पुण्याची ओळख बनली ती या वाटेने.

त्या काळी गाडी मिळविणे हीच एक परीक्षा होती. स्कूटरचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते. अनामत भरून नाव नोंदवायचे आणि मग वाट पाहायची, कधी कधी दहा वर्षांपर्यंत. परकीय चलन भरणाऱ्यास गाडी लवकर मिळे. हाती आलेली गाडी शोरूमबाहेर पडताच मूळ किमतीहून अधिक भावाने विकली जाई, असेही दिवस होते. व्यापारी कुटुंबात स्कूटरची नोंदणी मुदतठेवीच्या पावतीसारखी जपून ठेवली जाई. नंबर लागला की घरात पेढे येत. पुढे तीच चेतक थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आणि धाकट्याकडून दुकानातील जुन्या मुनीमजींकडे जाई. तिचे इंजिन उजव्या बाजूस असल्याने गाडीचा कल त्या अंगाला; सकाळी ती सुरू होईना, तर तिला दुसऱ्या अंगावर कलती करून मग किक मारण्याचा उपाय घरोघर ठाऊक होता.

आता वाट पाहावी लागत नाही. बँक किंवा वित्तकंपनी काही तासांत कर्ज मंजूर करते आणि गाडी त्याच आठवड्यात दारात येते. मालकी सोपी झाली. पण मालकीबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या तेवढ्याच राहिल्या. किंबहुना त्यांचा विसर पडणे अधिक सोपे झाले.

नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात फेरफटका मारला म्हणजे हे कळते. क्लच-प्लेट, ब्रेक-शू, चेन-स्प्रॉकेट, आरसे, इंडिकेटर यांनी भरलेली ही लहान लहान दुकाने जुन्या गाड्यांना पुनर्जन्म देत असतात. पंधरा-वीस वर्षांची मोटारसायकल येथून नवे अवयव घेऊन पुन्हा रस्त्यावर येते आणि तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे जाते. गाडीचे अवयव बदलतात, हात बदलतात. बदलत नाही ते पुष्कळदा नोंदणीपुस्तकातील नाव.

येथे व्यापारी कुटुंबांनी थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. जुनी गाडी ओळखीच्या माणसाला पंधरा हजारांना दिली, रोख घेतली, किल्ली आणि आर.सी. हाती ठेवली की व्यवहार संपला, असा आपल्याकडे समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो संपलेला नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. गाडी कर्जाऊ घेतली असेल, तर नमुना ३५ देऊन बँकेचा बोजा उतरविणेही तितकेच आवश्यक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला एक निकाल या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक मोटार एकापाठोपाठ एक अनेक हातांतून गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईचे दायित्व त्या नोंदणीकृत मालकावर आले. गाडी आपल्या दारात नसली, तरी नाव कागदावर असेपर्यंत तिचे देणे आपल्या खात्यावर राहते. हा नियम मोटारीस जसा, तसा दुचाकीसही लागू आहे. चोपडीतली प्रत्येक बाकी मिटविल्याशिवाय पान न उलटणाऱ्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये; पण पडते खरी.

गाडीचे नाव हस्तांतरित होते. ते पेढीच्या नावावर असू शकते, वडिलांच्या नावावर असू शकते, वारसाहक्काने मुलाकडे येऊ शकते. चालविण्याच्या परवान्याचे तसे नाही. तो विकत घेता येत नाही, वाटणीत येत नाही, भागीदारीत चालत नाही. ज्याचा त्याने मिळवायचा असतो. म्हणूनच दुचाकींचे पुणे पाहायचे, तर आकुर्डीचा कारखाना आणि नाना पेठेचा बाजार यांच्यापाशी न थांबता मुळा-मुठेच्या संगमाकडे जावे. संगम पुलाजवळ प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. तेथून पुढे, येरवड्याहून विश्रांतवाडीकडे जाणाऱ्या आळंदी रस्त्यावर फुलेनगर लागते. दुचाकीच्या उमेदवारांची चाचणी तेथील कार्यालयात होते. याच रस्त्याने आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात येते. एरवी सकाळी तेथे दिसतात ते हातात कागद आणि डोक्यावर नवे हेल्मेट घेतलेले अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण-तरुणी, आणि त्यांच्यापेक्षा अधिक चिंतेत उभे असलेले त्यांचे पालक.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची काळजी आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे या विषयांवर प्रश्न असतात. त्यांपैकी ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावावा लागतो आणि शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. मित्राला मागे घेऊन सिंहगडाकडे निघालेला शिकाऊ स्वार पहिल्या दिवशीच नियम मोडत असतो.

खरी परीक्षा आठाच्या आकड्याची. हा आठ देवनागरीचा नव्हे, इंग्रजी आकड्याचा: दोन वर्तुळे एकमेकांना चिकटलेली. पाय जमिनीला न टेकविता, गाडी बंद न पाडता आणि रेषेबाहेर न जाता तो पुरा करायचा. यात एका वर्तुळात डावे वळण येते, दुसऱ्यात उजवे, आणि मध्यबिंदूवर एका बाजूचा कल सोडून दुसऱ्या बाजूचा कल घ्यावा लागतो. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. महामार्गावर ताशी साठ-सत्तरने गाडी हाकणारा तरुण येथे मात्र गडबडतो, आणि त्याला कारण आहे. वेगात असलेली दुचाकी पुष्कळशी आपला तोल आपणच सांभाळते. वेग कमी झाला की ती मदत संपते आणि तोल सर्वस्वी स्वाराच्या हातात येतो. म्हणून जाणकार शिक्षक सांगतात: पहिला गिअर ठेवा, क्लच अर्धा सोडा, ॲक्सिलरेटर एकसारखा धरा, वेग आवरायचा तो मागच्या ब्रेकवर हलका दाब देऊन. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच म्हणून समजावे. आणि नजर पुढच्या चाकावर नको. जिथे जायचे आहे, तिथे वळणाच्या पुढच्या टोकाला हवी. ज्याची नजर चाकाकडे, त्याचा पाय जमिनीकडे.

ही चाचणी कवायतीसाठी नाही. गर्दीच्या वेळी नाना पेठेतून माल घेऊन निघालेल्या स्वाराला, मार्केट यार्डाच्या दारात टेम्पो आणि हातगाड्यांमधून वाट काढणाऱ्याला, शाळा सुटताना मुलांच्या घोळक्याजवळून जाणाऱ्याला हीच सावकाशी लागते. आठाशिवाय नियमांत अन्य गोष्टीही आहेत: निघण्यापूर्वी आरसे पाहणे, हाताने इशारे देणे, वळणावर योग्य बाजू धरणे, अचानक थांबावे लागले तर गाडी ताब्यात ठेवणे, पादचाऱ्यांकडे लक्ष देणे. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते. चाचणीचे शुल्क ३०० रुपये आणि परवान्याचे २०० रुपये, असे केंद्रीय नियमांतील दर आहेत. दुकानातल्या एका दिवसाच्या चहापाण्याहून ते फार अधिक नव्हे. तरीही ‘ओळखीने काम होईल का’ असे विचारणारे पालक सर्वत्र भेटतात. मुलाला परीक्षेतून सोडवून आपण त्याच्यावर उपकार करीत आहोत, असे त्यांना वाटते. वस्तुतः ते त्याची शिकण्याची एकमेव सुरक्षित जागा काढून घेत असतात. मैदानावर पाय टेकला, तर सात दिवस जातात. रस्त्यावर तोल गेला, तर काय जाईल याचा हिशेब करता येत नाही. देशात २०२२ या वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे पुरेसे बोलके आहेत. हेल्मेटसक्तीवरून पुण्यात किती वाद झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. या आकड्यांपुढे त्या वादाला अर्थ उरत नाही.

परवान्यातही भेद आहे. बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी दिली, तर परवानाही तेवढ्याच वर्गाचा मिळतो. त्यावर गिअरची मोटारसायकल चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाडीचा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर १०० घनसेंटिमीटरच्या वर आहेत, त्यांना अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. तरीही क्लासला उशीर होतो म्हणून दहावीतल्या मुलाच्या हाती किल्ली दिली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दुकानातील नोकराला परवाना न पाहता स्कूटर देणाऱ्या मालकासही कलम १८० आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीही परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातात भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू पाहते. नोकराची रोजची मजुरी वाचविणाऱ्या त्या एका फेरीत पेढीची अनेक वर्षांची शिल्लक पणाला लागलेली असते.

गाडी घरात आली की तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पहिली फेरी मंदिराकडे होते. या आनंदात आणखी दोन गोष्टींची भर घालता येईल. गाडीचे कागद ज्या फायलीत, त्याच फायलीत घरातील आणि दुकानातील प्रत्येक चालकाच्या परवान्याची प्रत ठेवावी. जुन्या विकलेल्या गाड्यांची नावे बदलली की नाहीत, हेही त्याच वेळी पाहावे. आणि मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की त्यांना चाचणीच्या मैदानावर नेऊन बाहेर थांबावे. आत त्यांना एकट्यानेच जाऊ द्यावे. आठाचा तो आकडा बापाच्या पुण्याईने पुरा होत नाही. तो स्वतः तोल सांभाळून, सावकाश, रेषेच्या आत राहूनच पुरा करावा लागतो.