चामड्याचा हात

आमच्या घरात सध्या एक जास्तीचा हात आहे. डावा. तपकिरी रंगाचा, जाडजूड बोटांचा, चामड्याचा. आमची लेक आठवीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते, आणि हा तिचा ग्लोव्ह.

आता नात्यातली मंडळी विचारणार, "सॉफ्टबॉल? आणि नगरला?" (हो, २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडातलं नगर काही जात नाही.) जहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. त्यामुळे आपल्याकडे चेंडू म्हटला की तो क्रिकेटचाच. पण शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत, आणि आमच्या लेकीला त्यातला पहिला आवडला. मला वाटलं, नावातच सॉफ्ट आहे, म्हणजे लागायची भीती नाही. प्रत्यक्षात तो चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड, १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, आणि घेर चांगला ३० सेंटिमीटर. एकदा माझ्या तळहातावर बसला आणि नावातला सगळा मऊपणा कळला :)

शाळेतले ग्लोव्ह रेक्झिनचे. दहा जणींनी वापरलेले, दोरे सुटलेले. एक दिवस लेक सुजलेली तर्जनी घेऊन घरी आली आणि मी ठरवलं, हिला स्वतःचा, चांगला, चामड्याचा ग्लोव्ह घ्यायचा.

इथून माझ्या चुका सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे मी तो घरबसल्या मागवला. ग्लोव्ह डाव्या हातात घालतात, कारण उजव्या हातानं चेंडू फेकायचा असतो. म्हणून मी बिनधास्त 'लेफ्ट हँड' निवडलं. आला तो उजव्या हाताचा! या खेळात ग्लोव्हचा हात सांगताना फेकायचा हात सांगतात. म्हणजे उजव्या हातानं फेकणारीला 'राइट हँड थ्रो' मागायचा, तो डाव्या हातात बसतो. लेक म्हणाली, "बाबा, मला विचारायचं ना!" परत पाठवला.

मग पुण्याला जाऊन, तिला बरोबर घेऊन, हाताळून घेतला. तेव्हा कळलेल्या गोष्टी लिहून ठेवतो, कुणाच्या मुलांना उपयोगी पडतील. माप इंचात असतं. तर्जनीच्या टोकापासून तळहातातल्या खोलगट भागावरून मनगटाकडच्या कडेपर्यंत मोजतात. बेसबॉलमध्ये जवळ उभं राहणाऱ्यांना साडेअकराच्या आसपास पुरतो, लांब उभ्या राहणाऱ्यांना बारा-साडेबारा लागतो. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, म्हणून ग्लोव्हही जरा मोठा. आम्ही बारा इंची घेतला. "वाढत्या अंगाचा घ्या" हा शाळेच्या गणवेशाचा नियम इथे चालत नाही. हात आत सैल पडला की चेंडू निसटतो. चामडं दाबून बघायचं. चांगलं चामडं दबतं आणि परत येतं, नुसतं वर रंग फासलेलं असेल तर घडीवर बारीक भेगा दिसतात. बोटं एकमेकांना बांधणाऱ्या वाद्या चामड्याच्या आहेत की नायलॉनच्या, हेही बघायचं. आणि नवा ग्लोव्ह कडक असतो त्याला घाबरायचं नाही. दुकानातच मऊ पडलेला ग्लोव्ह लवकर लोळागोळा होतो.

घरी आणला तर आईनं उंबऱ्यातच अडवला. "चामडं आहे ना? देवघराच्या घरात नको." झालं. ग्लोव्ह बाहेर, चपलांच्या शेजारी. मी वाद घातला नाही. आईशी सोवळ्यावरून वाद घालणं मी कधीच सोडलंय.

दुसरी चूकही माझीच. कुठेतरी ऐकलं होतं की ग्लोव्हला तेल लावून मऊ करतात. अमेरिकेत त्यासाठी गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल वापरतात. आपल्याकडे खोबरेल आहेच की! मी वाटीभर ओतलं. ग्लोव्ह काळपट आणि जड झाला. मग तेल जिरावं म्हणून मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवला. नगरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी त्याचा पापड झाला होता, आणि जाळीची वादी लेकीनं जरा ताणली तर तटकन तुटली. ती काही बोलली नाही. तुटलेली वादी हातात घेऊन बसून राहिली, हे जास्त लागलं.

माळीवाड्याच्या बाजूला एक गटईची टपरी आहे. आत संत रोहिदासांची तसबीर, खाली रापी, आरी, चपलांचा ढीग. तिथल्या काकांनी बेसबॉल, सॉफ्टबॉल काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ग्लोव्ह हातात घेतला, वास घेतला, अंगठ्यानं चामडं मागेपुढे केलं आणि म्हणाले, "साहेब, याला उन्हात ठेवलं का? अन् तेल पाजलं?" मी मान खाली घातली. मग लेकीकडे वळून म्हणाले, "ताई, चामड्याला तेल पाजायचं नसतं, दाखवायचं असतं. फडक्यावर दोन थेंब एरंडेल, महिन्यातून एकदा. सावलीत ठेव. भिजलं तर पुसून वाऱ्यावर वाळव. आणि रोज वापर. चामडं हाताला ओळखायला लागतं."

त्यांनी नवी वादी कापली. जुनी कुठून कशी फिरली होती ते आधी बोटानं दोनदा गिरवलं, मग आरीनं ओवत गेले. अर्धा तास लागला. पैसे सांगितले ते मला सांगायला लाज वाटेल इतके कमी होते.

घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. पारनेरच्या बाजूला माहेर असलेली आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या विहिरीवर मोट होती." आणि बोलतच गेली. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा ताणायचा, सोंदूर सुटला की सोंडेतून थारोळ्यात धो धो पाणी पडायचं. मोट चामड्याची. तिला तेल लागायचं, काम नसलं की सावलीत टांगायची, फाटली की चांभारांचे आबा येऊन शिवायचे. सुगीला खळ्यावर त्यांना बलुतं मिळायचं. "त्या मोटेचं पाणी आम्ही सगळे प्यायचो. देवालाही तेच. पण आबांना मात्र पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. मीच ओतलंय. लहान होते, पण मीच."

एवढं बोलून ती उठली. मी काय बोलणार? इतकी वर्षं हे तिच्या पोटात होतं आणि मला माहीत नव्हतं. आणि गच्चीवर पापड करणाऱ्या मला, शिकल्यासवरल्या माणसाला, चामड्याबद्दल जे ठाऊक नव्हतं, ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांना आमच्याच घराण्यानं उंबऱ्याबाहेर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लोव्ह चपलांजवळ नव्हता. आईच्या खोलीतल्या फळीवर होता. शेजारी एरंडेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याचं फडकं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी लेक आणि मी अर्धा तास झेल खेळतो. ग्लोव्ह मऊ करण्याचा खरा उपाय हाच, बाकी सगळं वरवरचं. रात्री ती त्यात चेंडू ठेवून वरून रबर बांधते, म्हणजे खळगा बसतो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून आई तो दर दोन दिवसांनी फळीवरून काढून पुसते. "दाखवायचं, पाजायचं नाही" हे ती आता मलाच ऐकवते.

जिल्हास्तरावर संघ पहिल्याच सामन्यात हरला. लेकीनं एक झेल सोडला, दोन घेतले. परतताना ती म्हणाली, माळीवाड्यावरून जाऊ. काकांना ग्लोव्ह दाखवला. त्यांनी खळग्यात मूठ मारून बघितली आणि म्हणाले, "आता हा तुझा झाला." तिनं हरल्याचं सांगितलंच नाही.

असो. आईनं काकांना दिवाळीच्या फराळाला बोलवायला सांगितलंय. घरात, पाटावर. ते येतील की नाही ठाऊक नाही. मी स्वतः जाऊन सांगून येणार आहे.