दुधाच्या रेघा

चि. सौ. प्राजक्ता हिस,


ओवीनं रेघा मारून कॅलेंडर खराब केलं म्हणून तिला धपाटा घातलास आणि वर्कबुक घेऊन बसवलंस, हे ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. अगं, त्या रेघा नीट बघ! सोमवारी दोन, मंगळवारी दोन, गुरुवारी भोपळा, रविवारी तीन. दुधाच्या पिशव्या आहेत त्या! गुरुवारी खाडा होता ना? आणि रविवारी तुझे सासूसासरे आले होते. पोरीनं कुणी न सांगता आठवड्याची नोंद ठेवली. मे महिन्यात माझ्याकडे दुधाचा हिशोब लिहिताना पाहिलेलं तिच्या लक्षात राहिलं.

शंभरपर्यंत पाठ कधी होणार, म्हणतेस. होईल गं. पण अंक म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. तिच्यापुढे पाच वाट्या ठेव, मोजून झाल्या की विचार, "किती?" पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या वाट्या मिळून, हे वस्तू हाताळूनच उमगतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथं आदिवासी मुलांना शिकवायला पानं, बिया, शंख-शिंपले होते. तुझ्या घरात काय कमी आहे?

रात्री कोण किती पोळ्या खातं, ते तिला लिहू दे. पोळीला एक उभी रेघ, पाचवी आडवी. आठवडा झाला की जास्त कुणाच्या, कमी कुणाच्या, तिलाच विचार. उद्याच्या पोळ्या किती, तेही तिला ठरवू दे. चुकली तर एखादी पोळी उरेल, सकाळी फोडणीची कर.

पण धपाट्यासोबत आकडा शिकवू नकोस. उत्तर येत असून फळ्याकडे जायला पाय न उचलणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत. ओवीचं तसं होईल, ही धास्ती मला आहे. दुसरी धास्ती तिच्या बाबाची, समीरची. रोज रात्री दहाला घरी येतो म्हणतेस. त्याच्या नावापुढे सात दिवस भोपळाच आला, तर त्या पोरीला काय सांगशील?

वर्कबुक दिवाळीपर्यंत कपाटात राहू दे. आणि समीरला माझा निरोप सांग, आठवड्यातून दोनदा तरी जेवायच्या वेळेला घरी ये.

तुझी,
मावशी